सराव क्रमांक सात

एक ते एनपर्यंतच्या आकड्यांची बेरीज करा.
दोन पद्धतींनी करा.
दोन्हींमधला फरक दोन ओळींत लिहा.

कमाल चौकात, चष्म्याच्या दुकानावरचा क्लास.
कूलरमधलं पाणी संपलेलं, नुसता पंखा गरगरतो,
बाहेर साडेसहालाही डांबर मऊ.
बाकांवर सगळी बारावीची पोरं
आणि मी, तुळशीदास कारेमोरे, वय त्रेचाळीस,
सतरा वर्षं मीटर रीडिंग.
शर्वरी लांजेवार मॅडम माझ्या पोरीहून चार वर्षांनी मोठी,
मला काका म्हणते
आणि चूक कोणाच्या काकाची सोडत नाही.

पहिली पद्धत शिकवावी लागली नाही.
एकूण बरोबर शून्य.
पहिलं घर, मिळव. दुसरं घर, मिळव.
पाचपावलीच्या गल्ल्यांत मी दुसरं काय करत होतो?
टॉर्च दातांत धरून जिन्याखाली वाकायचं,
आकडा टिपायचा, कुत्रं चुकवायचं, पुढचं दार.
मागचं घर ध्यानात ठेवायचं काम नाही,
ते बेरजेत गेलं म्हणजे गेलं.
दहापर्यंत पंचावन्न.
चार ओळींत.

दुसरी मला आळशी वाटली.
दहाला विचारावं तर दहा म्हणतो,
मले नाई माहीत, नऊले विचारा,
तो जे सांगन त्यात माह्ये दहा टाकून देतो.
नऊ म्हणतो, आठले विचारा.
आठ सातकडं बोट दाखवतो.
पण विचारून कोणी आत जाऊन बसत नाही.
जो तो आपल्या दारात उभा,
हातात आपापला आकडा,
खालून उत्तर यायची वाट पाहत.

मी चालवून पाहिलं.
स्क्रीन लालभडक.
हजारदा विचारून मशीन थकलं.
मॅडम खांद्यावरून वाकली :
काका, थांबायचं कुठं ते लिहिलंच नाही तुम्ही.
एकाच्या खाली शून्य, शून्याच्या खाली उणे एक,
प्रोग्राम तुमचा विहिरीचा तळ फोडून खाली चालला.
झिरो माइलचा दगड पाहिजे ना कुठंतरी!
पोरं हसली. मीही.

हसता हसता सबडिव्हिजनचा व्हरांडा आठवला.
स्मार्ट मीटर आले, आमचे चार महिन्यांचे पैसे राहिले.
ठेकेदार म्हणाला, सबडिव्हिजनले विचारा.
सबडिव्हिजन म्हणे, डिव्हिजनले.
डिव्हिजनच्या बाई डबा खात होत्या,
चमच्यानंच दाखवलं, सर्कलला जा.
सर्कलचे साहेब नवीन होते, चांगले बोलले,
खुर्ची दिली, पाणी दिलं,
मग म्हणाले, तुमचा ठेकेदार कोण?
त्याले विचारा ना.

मी ती एक ओळ टाकली :
एन शून्य असेल तर शून्य परत दे.
आणि उत्तर चढू लागलं.
शून्यानं एकाला शून्य दिलं,
एकानं दोनाला एक,
दोनानं तिनाला तीन, तिनानं चाराला सहा,
दिलं की दार लोटून घेतलं,
नवाकडून दहाच्या हातात पंचेचाळीस आले.
त्यानं आपले दहा टाकले.
पंचावन्न.
कोणाचा आकडा हरवला नाही,
मध्येच कोणाची जेवणाची सुट्टी झाली नाही.

वहीत लिहिलं :
पहिली पद्धत लवकर होते, जागा कमी लागते.
दुसरीत प्रत्येकाला उभं राहावं लागतं, जागा जास्त.
आणि न मागितलेली तिसरी ओळ :
उभं राहायला हरकत नाही,
शेवटल्या दारातल्यानं मात्र
माझ्याकडं काही नाही, एवढं तरी
तोंडानं म्हणावं.

मॅडमनं दोन ओळींवर बरोबरची खूण केली.
तिसरीवर पेन टेकवला. उचलला.
मग पान उलटून
माझ्या वहीत तिनंच लिहिलं, सराव आठ.