पर्याय ड

पाणी चौथ्या दिवशी येतं, पहाटे साडेतीनला.
म्हणून तीनचा गजर. एका गजरात दोन कामं.
नळाखाली घागर, मांडीवर पेपर दोनच्या नोट्स.
घागर भरत आली की तिचा आवाज बारीक होतो,
वर बघावं लागत नाही.

पहिला प्रेस आयोग बावन्न, दुसरा अठ्ठ्याहत्तर.
गोळी सिद्धांत. द्वारपाल. मौनाचं आवर्त.
ही तिसरी खेप.
पहिल्यांदा दोन प्रश्नांनी हुकलं,
दुसऱ्यांदा कितीनं, ते कुणाला सांगितलेलं नाही.
फेलोशिपचं वय गेल्या फाल्गुनात टळलं.
आता नुसती पात्रता हवी, बाकी काही नको.
कॉलेजात मी तासिका तत्त्वावर आहे.
मे महिन्यात तासिका नसतात,
तत्त्व असतं.

पुस्तकात एक आकृती आहे.
डावीकडे प्रेषक, उजवीकडे ग्राहक, मध्ये बाण,
आणि बाणावर वरून कोसळणारी एक वाकडी वीज.
तिच्याखाली लिहिलंय: गोंगाट.
प्रश्न : संज्ञापनात गोंगाट कुठे शिरतो?
अ) प्रेषकात ब) माध्यमात क) ग्राहकात
ड) वरील सर्व.

नायनांचा डबा घेऊन मी शेडमध्ये जायचे.
चोवीस माग एकदम.
खटाखट वगैरे लिहितात लोक, तसं काही नव्हतं.
आवाज असा वेगळा ऐकूच यायचा नाही,
दातांत यायचा.
त्यात नायना पलीकडच्या मल्लेशमशी बोलत राहायचे.
दोन बोटं ओठांवर : विडी दे.
कान पकडला : मुकादम आला.
मनगट फिरवलं : धोटा बदल.
पगार लटकला, याचीही एक खूण होती.
ती मला कधी दाखवली नाही.

मी जन्मले तो निरोप घेऊन
आत्या शेडच्या दारात उभी राहिली, अनवाणी.
तिनं नाकाच्या चमकीवर बोट ठेवलं : मुलगी.
नायनांनी मान हलवली,
तुटलेला धागा आधी जोडला,
मग माग बंद केला.
अम्मा हे अजून सुनावते,
पानं कापता कापता, कात्री न थांबवता.

एकतीस वर्षांनी त्यांचे कान गेले.
मालकाचं म्हणणं, वयानं.
आता ते माझ्या ओठांकडे बघतात,
मी आवाज न लावता तेलुगूत बोलते,
आणि शेजारची परवीन म्हणते,
तुमच्या घरात भांडणं कशी ऐकू येत नाहीत गं?

परवा रात्री लाईट गेली. अंगणात पत्रा निवत नव्हता.
मेणबत्तीपाशी नायना पुस्तक घेऊन बसले,
आकृतीवर बोट ठेवून विचारलं, ही वीज कसली?
सांगितलं.
बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले, आणि हा बाण?
इथं हात काढायला पाहिजे होता.

मी ड ला खूण केली, पान उलटलं.
त्यांचं बोट मात्र तिथंच राहिलं,
पुस्तक मिटलं तेव्हा आत अडकलं.

आणि हॉल तिकीट.
तेही त्यांनी वाचून काढलं, अक्षर अक्षर लावत.
चौथीपर्यंत तेलुगू शाळेत होते,
मराठी बसच्या पाट्यांवरून शिकलेले.
नरसय्यात एक य कमी आहे, म्हणाले.
असू दे, म्हटलं.
असू दे कसं? तू तर पेपरवाली.

आज सात रस्त्याजवळचं केंद्र.
साडेनऊलाच डांबर मऊ.
फाटकातून आत घेतलं, पिशव्या बाहेर ठेवून घेतल्या,
कुणाची आई, कुणाचा नवरा, कडेवर कुणाचं तान्हं,
सगळे ओरडून काहीतरी सांगतायत,
एसटी हॉर्न वाजवत सुटलीय,
कुणाचं काही कळत नाही.

रस्त्याच्या पलीकडे नायना,
उसाच्या गाड्याच्या सावलीत.
त्यांनी हात वर केला. मला वाटलं, आशीर्वाद.
मनगट फिरवलं.
परत फिरवलं.

मी मुठीतलं पेन बघितलं.
निळं.