फुग्लॉयसाठी, काढू नये

एयुनच्या नावात मधोमध एक अक्षर आहे
जे कुणीच उच्चारत नाही.
फेरो बेटांवर ते फक्त लिहायचं असतं,
आपल्याकडे जुन्या पुस्तकांत
नांवावर, गांवावर एक मुकं टिंब असायचं, तसं.
पोट गोल, पाठीला बाक, मानेवर आडवी चीर.
मेंढी या शब्दातही ते आहे,
आणि मेंढ्यांच्या कानखुणांच्या यादीत,
जी दर शरदात क्लाक्सविकच्या कचेरीतून
बेटाबेटांवर उतरवून घेतात.

उतरवून घेतात म्हणजे काय, ते एयुनला विचारा.
सर्व्हर म्हणतो : ही फाइल. उघडू नकोस, ठेवून घे.
एक ब्राउझर ठेवून घेतो.
दुसरा म्हणतो, बघू तर खरं,
आणि सगळी यादी खिडकीभर सांडतो,
नुसता चिन्हांचा भुसा.
तिसऱ्याला नावात मोकळी जागा दिसली
की तिथंच धाप लागते;
पहिला शब्द तेवढा घेऊन तो घरी जातो.
आणि एक म्हातारा.
त्याला सांगावं, हे साठवायचं नाही हं,
तर तो इतका आज्ञाधारक
की फाइल हातात पडायच्या आत फेकून देतो
आणि वर म्हणतो, मिळालीच नाही.

म्हणून नाव दोनदा सांगायचं.
आधी साधं, चीर नसलेलं,
मग खरं, वेष्टनात बांधून :
टक्का सी तीन, टक्का बी शून्य.
ज्याला कळतं तो दुसरं उचलतो.
म्हाताऱ्याला दुसरं ऐकूच येत नाही;
त्याला पहिल्याच हाकेत टक्के द्यायचे
आणि साठवण्याबद्दल गप्प बसायचं.

दुरितानं निवृत्तीआधी
या एकासाठी सोळा ओळी लिहून ठेवल्या होत्या.
वर शेरा : फुग्लॉयसाठी, काढू नये.
का, ते नाही.

एयुननं नोंदी चाळल्या, मार्च ते ऑगस्ट.
म्हातारा एकदाही फिरकला नव्हता.
सोळा ओळी पुसल्या.
खोली झाडल्यावर वाटतं तसं वाटलं त्याला,
कॉफीही जरा बरी लागली.

ऑक्टोबरात फोन.
तीन दिवस बोट नाही, वारा रिसीव्हरमध्ये शिरलेला,
फुग्लॉयच्या पोस्टातून सुन्वा :
यादी आली नाही.
मेंढ्या कुंपणात उभ्या आहेत,
कुणाची कुठली ते मी काय वास घेऊन सांगू?

नवा ब्राउझर घालून बघता का, त्यानं विचारलं.
प्रिंटर फक्त याच्याशी बोलतो, ती म्हणाली.
माझ्याशीसुद्धा नाही.

वर्षातून एकदा, एका बाईसाठी, एका यंत्रावर.
हे शेऱ्यात लिहायला
दुरिताला एक ओळ पुरली असती.
किंवा तिला वाटलं असेल
बेटाचं नाव लिहिलं की पुरे.

त्यानं जुनी प्रत शोधली,
सोळा ओळी जागच्या जागी बसवल्या,
शेऱ्यापुढे जोडलं : ऑक्टोबर. सुन्वा. मेंढ्या.
आता बघा, म्हणाला.

बराच वेळ वारा.
मग प्रिंटरची करकर, लांबून.
आली, ती म्हणाली.
नाव नीट आलं का?
तिनं नाव वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, ठणठणीत.
पण ते अक्षर तर ऐकूच येत नाही.
आलेलं असो, नसो,
वाचताना सारखंच वाजतं.

नाही, म्हणजे, दिसतं कसं?
प्रश्नचिन्ह आहे का तिथं? चौकोन?
थांब, चष्मा.
कागद जवळ घेतल्याचा आवाज.
आहे रे तुझं, ती म्हणाली,
कानाला चीर आहे. आपलंच आहे.

आणि फोन ठेवला,
बाहेर बरीच बें-बें चालली होती.