वरचे एक चाळीस

ऱ्हाईनपासून दोन गल्ल्या आत
हेरिबर्ट न विचारताच ग्लास ठेवतो,
वीतभर उंच, मनगटापेक्षा बारीक,
चार घोटांत तळ दाखवणारा,
आणि पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीनं एक उभी रेघ.
ग्लास रिकामा दिसला की दुसरा. दुसरी रेघ.
पुरे झालं तर चकती उचलून ग्लासावर झाकायची,
तोंडानं नाही म्हणून भागत नाही.
हे मला कळलं पाचव्या रेघेला,
जी आधीच्या चौघींना आडवी मारून गेली होती.

खायला मागवला होता अर्धा कोंबडा.
आला पाव, चीजचा जाड तुकडा आणि कांदा.
"कोंबडा कुठाय?"
"उडाला," हेरिबर्ट म्हणाला
आणि निळा एप्रन सावरत
पलीकडच्या टेबलावर कुणाची तरी उतरवायला गेला.
कोलोनमध्ये तेवढं फुकट मिळतं.

हिशेब चकतीवरच झाला. अठरा साठ.
मी पन्नासची नोट पुढे केली
आणि विमानात घोकलेला एकुलता एक शब्द
अदबीनं म्हणालो: "डांके."

हेरिबर्ट थबकला.
कमरेचं काळं पाकीट,
आजोळी राहून आलेल्या पोरासारखं फुगलेलं,
उघडता उघडता राहिलं.
त्यानं नोटेकडे पाहिलं, माझ्या बुटांकडे पाहिलं,
मग बहिऱ्याशी बोलावं तसं सावकाश इंग्रजीत:
"नोट देताना आभार मानलेस
तर उरलेले माझे होतात.
एकतीस चाळीस.
माझी हरकत नाही. तुझ्या बायकोची असेल."

"आकडा बोल," तो म्हणाला.
"मी किती कापायचे, तो आकडा."
वीस. त्स्वान्त्सिश.
शब्द दाताखाली खड्यासारखा आला,
दुसऱ्यांदा बरा आला,
तिसऱ्यांदा शेजारच्या टेबलानंही म्हणून दाखवला.
मग त्यानं तीस युरो माझ्यासमोर मोजले,
एक वीसची, एक दहाची, मोठ्यानं.

गेल्या मंगळवारी म्हणे चौघं जण
बशीखाली नाण्यांचा ढीग सारून निघून गेले.
त्याला वाटलं, विसरले.
त्रेसष्टाव्या वर्षी, एका धड गुडघ्यावर,
तो ट्रामच्या थांब्यापर्यंत धावला
परत द्यायला.
"माणूस समोर उभा आहे ना?
मग पैसे टेबलाला कशाला देता?"

या वरच्या पैशांना इथे म्हणतात पिण्याचे पैसे.
आपणही चहापाणीच म्हणतो,
पण म्हणताना आवाज खाली नेतो,
दार लोटून घेतो,
पाकीट फायलीखालून सरकतं.
इथे तोच शब्द भर दालनात
आकड्यासकट उच्चारायचा,
घेणाऱ्याच्या डोळ्यांत बघून.
मला घाम फुटला होता, खोटं कशाला सांगू.

पाच ग्लासांनी मला तळघरात नेलं.
जिन्याच्या पायथ्याशी, पांढरी बशी मांडून,
शब्दकोडं सोडवत बसलेली स्नेझाना,
बल्गेरियातल्या प्लेव्हनची.
बशीत एकच नाणं, पन्नास सेंटचं.
ते तिचंच. सकाळी येताना घरून आणलेलं,
विरजण म्हणून.
रिकाम्या बशीत कुणी टाकत नाही.

परतताना खिसे चाचपले.
एक वीसची, एक दहाची. सुट्टं काही नाही.
सुट्टं सगळं वर, एप्रनच्या आत.
ती म्हणाली, जा जा.
मी गेलो, पण वर.
हेरिबर्टनं माझा चेहरा पाहिला,
जिन्याकडे पाहिलं,
काही न विचारता पाकिटात दोन बोटं घातली:
"तुझ्याच एक चाळीसमधले. आता माझे नव्वद."

खाली आलो. नाणं टाकताना
इथे आकडा बोलायचा असतो की नाही
हे कुणी शिकवलं नव्हतं.
मी आपलं बोललो, हातात होता तो:
"त्स्वान्त्सिश!"

स्नेझाना इतकी हसली की पेन्सिल घरंगळली.
मग माझं नाणं उचलून तिनं खिशात टाकलं,
आणि स्वतःचं
बोटानं सारून पुन्हा
बशीच्या मधोमध आणलं.