दालन क्रमांक तीन

बावीस वर्षं मी एकच वाक्य बोलत आलोय:
हात लावू नका.
पाटीवर 'लावू नये' आहे, ते शुद्ध.
माझं तोंडी.

सांगलीतल्या या दोन मजली संग्रहालयात
उन्हाळाभर मी आणि पंखा, दोघंच फिरतो.
नाणी, कट्यारी, पेंढा भरलेली कृष्णेतली मगर,
आणि भिंतीवर पुराची रेघ, माझ्या छातीशी.
दोनदा रंग दिला. ती खालनं परत येते.

आता दर गुरुवारी आवटी मॅडम येतात,
पाठोपाठ कुठल्यातरी शाळेची पोरं
आणि एक पत्र्याची ट्रंक.
ट्रंकेतल्या वस्तूंना हात लावायचा असतो.
पहिल्या बुधवारी रात्री मला झोप नव्हती.

आज बुधगावची तिसरी. अडतीस पोरं.
एकाला टेम्पोत उलटी झालेली,
त्याच्या शर्टाला लिंबाचा वास.
आल्या आल्या रेघेला पाठ लावून उंची मोजली,
सगळीच्या सगळी बुडाली.
केवढी खूश झाली!

मग ट्रंक. पायली, अधोली, शेर, मापटं,
चिपटं, निळवं, कोळवं.
मॅडम म्हणायच्या, पोरं ओरडायची,
कोळवं म्हणताना हसायची.
सतरंजीवर शाळूचं पोतं मोकळं केलं
आणि मापाला सुरुवात झाली.

भांडण अधोलीवरनं.
प्रज्वल माळगेचा ढीग लहान, स्वरांजलीचा मोठा.
माप एकच, वेळा पाचच.
मॅडमनी पुन्हा मोजलं, तक्ता काढून बघितला.
तक्त्यात ते नव्हतं.

मी बोलायचं नसतं.
पण म्हणालो, द्या इकडं.
थंड होती. वाटली होती त्यापेक्षा जड.

ही देताना, म्हणालो,
आणि अंगठा आत घातला मुळापर्यंत.
दाणे वरनं सोडले, अलगद,
तळव्यानं पुसून घेतली सपाट, जरा खोलगटच.

आणि ही घेताना.
आपटली, हलवली, दाबली,
वर शीग चढवली, ओघळेपर्यंत.

पोरं गप्प. तो लिंबाचा वासवाला म्हणाला, परत दाखवा.

परत दाखवलं. दाखवता दाखवता सांगून गेलो,
आई शाळू खुडायला जायची,
दिवस मावळला की रांगेत उभी, पदर पसरून.
मी तिसरीत. माझे डोळे बरोबर
मापाच्या कडेला यायचे.
म्हणून अंगठा मला दिसायचा.
तिला वरनं नुसते दाणे.

का तिलाही दिसायचा?
हे मला आजवर सुचलं नव्हतं.
आत्ता, अधोली हातात असताना,
अडतीस पोरांसमोर सुचलं.

स्वरांजली म्हणाली,
मग काका, तुम्ही म्हणायचं ना त्याला,
हात लावू नका.

पंखा फिरत होता.
मॅडम ट्रंकेचं झाकण उगाचच पुसत होत्या.

जाताना कागद गोळा झाले.
'संग्रहालयात तुम्हाला काय आवडले? चित्र काढा.'
एकवीस मगरी, सहा कट्यारी,
एकाने नुसता टेम्पो काढलेला,
आणि एक अंगठा, पानभर,
नखाची चंद्रकोर, सुरकुत्या, सगळं.
कोपऱ्यात अधोली, बोराएवढी.

हेडक्लार्क म्हणतात फायलीला लावा,
दालन क्रमांक टाका.
तीन टाकला. खोडला.
कागद माझ्या डब्याच्या पिशवीत आहे.

शाळू अजून सापडतोय,
मगरीच्या पेटीखाली, दाराच्या फटीत.
झाडू मारताना तेवढा सोडतो, मुंग्या नेतात.

पुढच्या गुरुवारी कवलापूरची शाळा.
मॅडमनी विचारलंय, काका, तुम्ही दाखवाल ना?
बघू म्हणालो.
नेलकटर शोधून ठेवलंय.