शेवटचा रकाना

कोत्का बंदरात डिसेंबरात दुपारी तीनलाच दिवे लागतात.
सायमी राउतिओ पडद्यासमोर,
एकशे बारा प्रकल्प उघडे:
हिरवे, पिवळे, लाल,
आणि अगदी डावीकडे, 'कल्पना'च्या रांगेत
कुणी न विचारलेले, राखाडी.

क्रमांक सत्तेचाळीस तिथे सहा वर्षं होता.
'कागद गिरणीचं गरम पाणी समुद्रात जातं.
पोहण्याचा तलाव बंद, म्हणे परवडत नाही.
मध्ये फक्त नऊशे मीटर.'
प्रस्तावक: ओर्वो पुक्किला, बॉयलर विभाग.
एवढंच. ना आलेख, ना परताव्याचं गणित.

दर तिमाहीला सॉफ्टवेअर गुण देई,
दर तिमाहीला हा तळाशी.
मग एकदा कुणीतरी 'धोका'समोर शून्य टाकलं
आणि तो बुडबुड्यासारखा वर आला.
चूक कुणाची, याची चौकशी सायमीकडेच आली.
तिने ती अजून पूर्ण केलेली नाही.

मंजुरी. निविदा. गोठलेली जमीन.
फेब्रुवारीत लाल, मेमध्ये पिवळा,
खर्च सतरा टक्के वर,
बैठकीत सगळ्यांचं लक्ष कॉफीच्या कपात.
काल झडप उघडली.

आता प्रकल्प बंद करायचा, तर
एक रकाना रिकामा सोडता येत नाही:
'यातून काय शिकलो?'
प्रस्तावकाला विचारा, असं सुचवतं सॉफ्टवेअर,
आणि लगेच: प्रस्तावक उपलब्ध नाही.
दोन वर्षं झाली ओर्वोला जाऊन.

ती लिहिते, 'पाणी अठ्ठावीस अंश.'
चालत नाही. किमान तीस अक्षरं हवीत.
ती पुढे लिहिते, 'सकाळी सात म्हाताऱ्या आल्या होत्या.
बाहेर यायला कुणी तयार नव्हतं.'