नऊ लिटर

रात्रीचे सव्वादोन. कासुंगूच्या रस्त्यावर
तंबाखूच्या ट्रकनं सायकल उडवली.
सायकल-टॅक्सीवाला, लुसुंगू न्यिरेंडा, वय एकोणीस.
नडगी कातडी फाडून बाहेर,
टोकाला लाल माती,
हाडानं जणू रस्ता नांगरलाय.

किती वाजता पडला?
"चंद्र वर होता तेव्हा," त्याचा मित्र सांगतो.
चंद्राचा हिशेब मला येत नाही.
आधी अँटिबायोटिक, सरळ शिरेत,
मग धनुर्वाताची सुई,
मग नाव, गाव, फोटो.
कागद थांबतात.

पंप मार्चपासून बंद आहे.
पिशवी खिडकीच्या वरच्या खिळ्याला टांगते,
गुरुत्वाकर्षण फुकट मिळतं.
अटुपेले टाच धरून उभा, जांभई गिळत.
जोरानं नको. भरपूर.

दुसऱ्या लिटरला वाळू.
तिसऱ्याला निळ्या पॅन्टचा धागा,
चौथ्याला पुन्हा धागा, तोच असावा, लांबच लांब.
पाचव्याला हाडाची एक कपची,
कशालाच न धरलेली. टाकून दिली.
आता मांस. चिमटा काढते :
दचकलं तर ठेवते,
रक्त आलं तर ठेवते.
जे करडं, गप्प, ते कापते,
आणि दर वेळी वाटतं, जास्त कापलं.

मायेसोची जखम मी किती सुरेख शिवली होती.
बारा टाके, एका रेषेत. मेट्रननं सगळ्यांना दाखवली.
पाचव्या दिवशी वास आला.
वॉर्डातली माणसं खाटा सरकवून झोपू लागली.
गुडघ्याच्या वरून, शेवटी.

सातवा. आठवा.
नववा जातो तसाच खाली येतो बादलीत,
स्वच्छ.
बाहेरून सळ्या बसवल्या,
जखमेवर ओली पट्टी. टाका एकही नाही.

सकाळी त्याची आई, खांद्यावर चितेंजे, दारात :
"उघडंच ठेवलंस? दोरा संपला होता का?"
म्हटलं, आई, दार लावायच्या आधी
आत कोण राहिलंय ते बघायचं असतं.
परवा पुन्हा बघू.
तिला पटलं नाही. मलाही परवापर्यंत
पटणार नाही.

लुसुंगू शुद्धीवर आला, विचारलं, सायकल?
कुणी काही बोललं नाही.

अटुपेलेनं रिकाम्या पिशव्या मोजून घडी घातल्या.
घरी नेतो तो. तळाला भोक पाडून
टोमॅटोची रोपं लावतो.