मधला आराम

सीबीएसपलीकडे, कोर्टाच्या भिंतीला टेकून अठ्ठावीस वर्षं
मी दुसऱ्यांची भांडणं टाइप केली.
बांध, वाटण्या, पोटगी. बूड हललं नाही.
हलली ती बोटं, आणि ओळ संपली की
टिंग करून परत सरकणारं मशीनचं धूड.

डॉक्टर म्हणाले, आहेर, मांड्या कुठे गेल्या तुमच्या?
मी खाली पाहिलं. पोट आडवं आलं.

लेकीनं डबा पाठवला, ढोलकीएवढा.
आत व्हॅनिलाच्या वासाची भुकटी,
तळाशी गाडलेला चमचा.
दुधात ढवळली तर गाठी,
गाळली तर सगळी ताकद गाळणीत.
सिंधू म्हणाली, एवढ्या पैशात
वर्षभराची मटकी आली असती.
तरी सकाळी पेला तीच पुढे करते
आणि रिकामा होईस्तोवर दारात उभी राहते,
बेलिफासारखी.

गोल्फ क्लबचा ट्रॅक. पाच चाळीस. कानटोपीतही कान दुखतात अशी थंडी.
मृण्मयी गायधनी, गळ्यात शिट्टी,
वय माझ्या मशीनपेक्षा कमी.
तीस सेकंद झपाझप, नव्वद सेकंद रमतगमत.
तिसऱ्या शिट्टीला मी बाकड्यावर.
शेजारी बोराडे, जन्मभर द्राक्षाच्या पेट्या मोजलेला,
तोही भात्यासारखा.
(रविवारी इथून तो थेट मिसळीला जातो.
म्हणतो, मटकीच की. प्रोटीनच.)

थांबलो, माफ करा, मी म्हणालो.
काका, थांबणं धरलंय त्यात, ती म्हणाली.
फक्त मोजून थांबायचं.

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
म्हणजे मी नुसता बसून नव्हतो इतकी वर्षं.
माझा मधला आराम जरा लांबला,
शिट्टी कुणाच्या गळ्यात होती
ते बघायचं राहून गेलं.

काल एका दस्ताची नक्कल हवी होती.
रेकॉर्ड रूम दुसऱ्या मजल्यावर, पोऱ्या चहाला गेलेला.
एरवी मी पक्षकाराला उद्याची तारीख दिली असती.
उठलो.
पहिला जिना झपाझप. छातीत टाइपरायटर.
वळणावर कठड्याला हात लावून उभा राहिलो.
मागून कोट घातलेला कुणी म्हणाला,
बरं वाटत नाहीये का? पाणी आणू?
मी बोट वर केलं, बोललो नाही.
एकसष्ट, बासष्ट.
अजून अठ्ठावीस बाकी होते.